इशारा आणि इजाजत

सोलापूरचा माणूस आभाळाकडे आशेनं बघतो. जिल्ह्याची पावसाची वार्षिक सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. तीही दरवर्षी पुरी होईलच याचा भरवसा नाही. मृग कोरडा जातो, आर्द्रा कोरडी जाते आणि मग परतीच्या पावसावर रब्बीची ज्वारी उभी राहते. अशा मुलखात काळा ढग दिसला की म्हातारीकोतारी दारात येऊन उभी राहतात, पोरं गल्लीत धावत सुटतात. आमच्या नई जिंदगीच्या बोळात पहिल्या सरीला घरात पळणारा माणूस मी क्वचितच पाहिला आहे. जो तो अंगणात येतो. दुष्काळानं शिकवलेली ही रीत आहे.

हिवाळ्याची तर आम्हाला कधीच धास्ती वाटली नाही. आमच्याकडे हिवाळा म्हणजे संक्रांतीची सिद्धेश्वराची यात्रा, गड्ड्यावरचे पाळणे, शेतातला हुरडा आणि पहाटे फजरला जाताना कानाभोवती गुंडाळलेला मफलर. बर्फ आम्ही सिनेमात बघितला, नाहीतर सरबताच्या गाड्यावर. थंडी-वादळाचा इशारा ही काश्मीरची, नाहीतर अमेरिकेची गोष्ट, असं आम्ही धरून चाललो होतो.

हदीसमध्ये हजरत आयशा (रजि.) यांची एक रिवायत आहे. आभाळात ढग किंवा वारा दिसला की प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या चेहऱ्यावर काळजी उमटत असे. ते अस्वस्थ होऊन आत-बाहेर करीत. पाऊस नीट पडू लागला म्हणजे त्यांचा जीव खाली पडे. हजरत आयशांनी एकदा विचारलं, की लोक ढग बघून खूश होतात, तुम्ही मात्र का घाबरता? तेव्हा त्यांनी आद कौमेची आठवण दिली. त्या लोकांनीही दरीवर चालून येणारा ढग बघून पाऊस आला म्हणून आनंद केला होता आणि त्या ढगात वादळ होतं.

ही रिवायत आपण वाजमध्ये अनेकदा ऐकतो आणि तिच्यातून बहुधा अजाबाचा अर्थ काढतो. मला तिच्यात दुसरीही एक गोष्ट दिसते. अरबस्तानही आपल्यासारखाच कोरडा मुलूख. तिथंही ढग म्हणजे खुशीच. त्या खुशीतसुद्धा एक माणूस थांबतो आणि विचार करतो, की हा ढग नेमका काय घेऊन आला आहे? आपल्या माणसांची ज्याच्यावर जबाबदारी असते, तो असाच आभाळाकडे बघतो.

आम्हा सोलापूरकरांना हे बघणं २०१४ साली शिकावं लागलं.

त्या वर्षी थंडी सरता सरता, फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत, महाराष्ट्रात कुठे ना कुठे रोज गारा पडत होत्या. मराठवाडा, विदर्भ, नाशिक, नगर आणि आमचा सोलापूर जिल्हा, कोणीच सुटलं नाही. पंढरपूरकडची द्राक्षं काढणीला आलेली, सांगोल्याची डाळिंबं रंगावर, मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मालदांडी ज्वारी कणसात भरलेली. दुपारपर्यंत लख्ख ऊन असे. तीन-चारच्या सुमारास वारा सुटे, आभाळ काळंनिळं होई आणि पुढच्या पाव तासात वर्षभराची मेहनत मातीत जाई. गारांखाली शेळ्या-मेंढ्या मेल्या, झाडाखाली पाखरांचा खच पडला. माणसंही गेली.

गार कशी बनते ते तेव्हा वर्तमानपत्रांतून छापून येत होतं. वरच्या थरात पश्चिमेकडून येणारी थंड हवा आणि समुद्रावरून येणारी दमट हवा यांची महाराष्ट्रावर गाठ पडली होती. दुपारच्या उन्हानं तापलेली हवा वेगानं वर चढते, आपल्याबरोबर पाण्याचे थेंब थंड थरात नेते, तिथं ते गोठतात. वर चढणारा वारा त्यांना उचलून धरतो तोवर त्यांच्यावर बर्फाचे थर चढत जातात, कांद्यासारखे. वजन पेलेनासं झालं की तो गोळा खाली येतो. म्हणून गारपीट बहुधा दुपारनंतर, संध्याकाळच्या आत होते. शेतात माणसं असतात तीही नेमकी त्याच वेळी.

माझे मामू बागवान. मंगळवेढ्यात त्यांचं घर. पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा फळांचा. शेतकऱ्याकडून उभी बाग उक्ती घ्यायची, इसार द्यायचा, राखण करायची, तोडणी आपल्या माणसांकडून करून घ्यायची आणि माल बाजारात न्यायचा. त्या वर्षी त्यांनी सांगोला तालुक्यात हस्त बहाराची डाळिंबाची बाग घेतली होती. मुलीचं लग्न ठरलेलं. मामींची सोन्याची पाटली गहाण टाकून इसार दिलेला.

रेडिओवर अंदाज सांगितला जात होता. विजांच्या कडकडाटासह पाऊस, तुरळक ठिकाणी गारा. हे 'तुरळक ठिकाणी' फार फसवं असतं. हवामान खात्याच्या भाषेत त्याचा अर्थ, त्या विभागातल्या एकूण केंद्रांपैकी चौथ्या हिश्श्यापर्यंतच्या ठिकाणी. ऐकणाऱ्याच्या कानात मात्र तो 'दुसरीकडे कुठेतरी' असाच पडतो. तुरळक ठिकाण नेहमी दुसऱ्याचंच असतं.

त्या दुपारी मामू बागेतच होते. वारा सुटला तेव्हा बागेच्या मालकानं वस्तीवर या म्हणून हाक मारली. मामू गेले नाहीत. त्यांनी तोडलेल्या मालावर ताडपत्री ओढली, दोन कॅरेट उचलून तिच्या कडांवर ठेवली आणि गारा सुरू झाल्यावर तिसरं कॅरेट उपडं करून डोक्यावर धरून बसले. कॅरेटनं डोकं वाचलं. कॅरेट धरलेल्या हातांची बोटं काळीनिळी झाली, उजव्या हाताची दोन बोटं मोडली. ती आजही नीट मिटत नाहीत. झाडावरचं एकूण एक डाळिंब फुटून खाली पडलं होतं.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा अम्मी त्यांच्यावर रागावली. "भाईजान, जान बडी के माल बडा?" मामू हसले. म्हणाले, "मेरा पैसा झाड पे लटक रा था, मैं घर में कैसा बैठतूँ?"

पुढे पंचनामे झाले. पंचनामा सातबाऱ्यावरच्या नावानं होतो. उक्त्या बागेचा सौदा तोंडी असतो, किंवा साध्या कागदावर. बागवानाचं नाव सरकारी कागदावर कुठेच नसतं. मालकाला थोडीफार मदत मिळाली. तो भला माणूस होता, त्यातली काही रक्कम त्यानं मामूंना दिली. लग्न दोन वर्षं पुढे गेलं.

घरातले वडीलधारे म्हणाले, अल्ला की मर्जी. तकदीर. मला या बोलण्यातला सबर कळतो. गेलेल्या मालाचं दुःख गिळायला हाच शब्द कामी येतो. पण वादळ यायच्या आधी तकदीरचं नाव घेणं वेगळं. शाममध्ये प्लेग पसरल्याचं कळल्यावर हजरत उमर (रजि.) लोकांना घेऊन वाटेतून परत फिरले होते. अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय, असं एका साहबींनी विचारलं. एका तकदीरकडून अल्लाहच्याच दुसऱ्या तकदीरकडे जातो, असं त्यांचं उत्तर होतं. हा किस्सा आपल्याला ठाऊक आहे. तो साथीच्या वेळी जसा लागू, तसाच विजेच्या आणि गारांच्या वेळीही लागू.

माझ्या मनात घोळत राहिला तो मामूंचा प्रश्न. इशारा त्यांच्या कानावर आला होता. ढगही डोळ्यांना दिसत होता. मालकानं हाक मारली होती. तरी ते जागचे हलले नाहीत, कारण तिथून निघून जाण्याची मोकळीक त्यांना नव्हती. जीव वाचव असं सांगणारे तीन जण होते. माल जाऊ दे, बाकीचं आम्ही बघून घेऊ, असं सांगणारा एकही नव्हता.

सहा वर्षांनी हाच प्रश्न शहरात, आमच्या बोळात आला. १३ ऑक्टोबर २०२० रोजी बंगालच्या उपसागरातलं कमी दाबाचं तीव्र क्षेत्र काकीनाडाजवळ किनाऱ्यावर चढलं. त्या रात्री हैदराबाद बुडालं आणि १४ तारखेला ते आमच्यावर आलं. हवामान खात्याचा रेड अलर्ट होता. त्या दिवशी पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जण दगावले. भीमा फुगली, बोरी नदीचं पाणी अक्कलकोट तालुक्यातल्या गावांत शिरलं, काढणीला आलेली पिकं वाहून गेली. त्यानंतर चार-पाच दिवसांनी मुख्यमंत्री पाहणीला आले तेव्हाही रानात पाणी उभं होतं.

कोरोनाचे दिवस. मशिदीत जमात बंद होती, माणूस माणसाला भेटत नव्हता. जे काही कळायचं ते मोबाइलवर. आमच्या शेजारच्या खाला बिड्या वळतात. त्यांनी पोराच्या मोबाइलवरचा लाल रंगाचा नकाशा मला दाखवला आणि विचारलं, "वो रेड झोन तो उठ गया बोलते थे ना? फिर लाल कायकू?" त्यांचं काय चुकलं? त्याच वर्षी मे महिन्यात सोलापूर कोरोनाच्या रेड झोनमध्ये होतं. लाल म्हणजे रोग, एवढंच त्यांना सहा महिन्यांत शिकवलं गेलं होतं. लाल म्हणजे अतिवृष्टी, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि बिड्यांची पिशवी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू लागल्या. कारखान्यात माल द्यायचा होता. ओल लागली की बिडी नापास होते, दिवस फुकट जातो. "नै गई तो कल का पत्ता नै मिलता," असं म्हणून त्या घोट्याएवढ्या पाण्यातून निघून गेल्या. दोन तासांनी चिंब भिजून सुखरूप परत आल्या, अल्लाहचा शुक्र. उघडी गटारं आणि लोंबणाऱ्या वायरी असलेल्या त्या रस्त्यावर काय झालं असतं, याचा विचार आजही नको वाटतो. खालाला इशारा मिळाला होता, त्याचा अर्थही कळला होता. घरी बसायची परवानगी तेवढी मिळाली नव्हती.

आता दीनमधलीच एक गोष्ट सांगतो. ती आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल, पण या अंगानं आपण तिच्याकडे फारसं बघत नाही. हजरत अब्दुल्लाह इब्न उमर (रजि.) एकदा मक्केजवळच्या दजनान या ठिकाणी होते. कडाक्याच्या थंडीची रात्र. त्यांनी अजान दिली आणि त्यानंतर लोकांना सांगितलं, की आपापल्या मुक्कामीच नमाज पढा. प्रेषितांच्या काळीही थंडीच्या किंवा पावसाच्या रात्री मुअज्जिनला असंच पुकारायला सांगितलं जाई, असं ते म्हणाले. हजरत इब्न अब्बास (रजि.) यांनी तर एका पावसाळी जुम्म्याला मुअज्जिनकडून हेच पुकारून घेतलं. लोकांना नवल वाटलं. तेव्हा माझ्यापेक्षा श्रेष्ठ असलेल्यांनी हे केलं आहे, असं त्यांनी सांगितलं. लोकांना चिखलातून चालत यायला लावणं त्यांना आवडलं नव्हतं.

थंडी-वादळाचा इशारा ही परदेशातली नवी गोष्ट नाही. चौदाशे वर्षांपूर्वीचा मुअज्जिन तो देत होता. कोरोनात, मार्च २०२०मध्ये, कुवेतच्या मशिदींतून असंच पुकारलं गेलं तेव्हा आपल्यापैकी कितीतरी लोकांचे डोळे भरून आले होते. आपल्याला ते नवीन वाटलं, पण ते जुनंच होतं.

या पुकाराचं एक वैशिष्ट्य आहे. बाहेर वारा आहे, थंडी आहे, हे तर लोकांना कळतच होतं. ते सांगायला मुअज्जिन लागत नाही. त्यानं सांगितलं ते दुसरंच. तुम्ही आला नाहीत तर चालेल. गुनाह नाही. तुमची गैरहजेरी मांडली जाणार नाही. ज्या ठिकाणी येणं सर्वांत गरजेचं मानलं गेलं, त्याच ठिकाणाहून, त्याच आवाजात ही मोकळीक दिली गेली. इशारा आणि इजाजत एकाच तोंडून निघाली. म्हणून लोक घरी थांबले.

ही इजाजत नसली तर काय होतं, ते आपल्या शेजारच्या देशानं फार मोठी किंमत देऊन शिकलं. १२ नोव्हेंबर १९७० रोजी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात भोला बेटाच्या परिसरात चक्रीवादळ आलं. किमान ३ लाख माणसं एका रात्रीत गेली. समुद्रात वादळ आहे हे ठाऊक होतं, पण ते किनाऱ्यावरच्या माणसापर्यंत त्याला समजेल असं पोचलं नाही. बांगलादेश झाल्यावर तिथं रेड क्रॉस, म्हणजे पुढची रेड क्रेसेंट, आणि सरकार यांनी मिळून गावोगाव स्वयंसेवक उभे केले. वादळ जवळ येईल तसे एक, दोन, तीन झेंडे चढवायचे. हातात भोंगा घेऊन घरोघर फिरायचं. मशिदीच्या माइकवरून पुकारायचं.

तरीही २९ एप्रिल १९९१च्या वादळात सुमारे १ लाख ३८ हजार लोक मेले. त्यांत बायका पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होत्या. इशारा यावेळी बऱ्याच घरांत पोचला होता. पण नवरा घरी नाही, त्याला न विचारता पोरंबाळं घेऊन घर सोडायचं कसं? परक्या पुरुषांनी भरलेल्या निवाऱ्यात जायचं कसं? कोंबड्या-शेळ्या कोणावर टाकायच्या? अशा विचारात कितीतरी जणी घरातच थांबल्या आणि पाणी आलं. त्यानंतर निवाऱ्यांत बायकांसाठी वेगळी जागा झाली, जनावरांसाठी सोय झाली, स्वयंसेवकांत बायका घेतल्या गेल्या. बाईनं येऊन बाईला सांगितलं, चल. मे २०२०मध्ये अम्फान वादळ आलं तेव्हा बांगलादेशात २० लाखांहून जास्त लोक आधीच हलवले गेले होते आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. वाऱ्याचा जोर काही कमी झाला नव्हता. माणसांना निघून जायची वाट मोकळी झाली होती.

आता आपल्याकडे वळू. इशारा देणारी यंत्रणा पूर्वीपेक्षा पुष्कळच सुधारली आहे, हे मान्य केलं पाहिजे. हवामान खातं जिल्हावार इशारा देतं आणि पुढच्या तीन तासांत काय होईल तेही सांगतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप आपल्या आसपास वीज कुठे पडते आहे ते दाखवतं. २०२३ साली देशभर मोबाइलवर एकाएकी मोठा आवाज होऊन चाचणीचे संदेश आले होते, ते आठवत असेल. ही तयारी आहे. पुढचं काम आपलं, आणि ते मोहल्ल्यातलंच आहे.

सोलापूर हे चार भाषांचं गाव. घरात दखनी, बाजारात मराठी, एका शेजाऱ्याची कन्नड, दुसऱ्याची तेलुगू. रंगांचे हे इशारे या चारही भाषांत उतरायला हवेत. हिरवा म्हणजे काळजी नको. पिवळा म्हणजे आभाळावर नजर ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा, पत्रा बांधा, कागदपत्रं उंचावर ठेवा, म्हाताऱ्या माणसाला एकटं सोडू नका. लाल म्हणजे आता बाहेर पडू नका आणि सखल जागी असाल तर उठा. एवढं प्रत्येक पोराला पाठ पाहिजे.

विजेचंही तसंच. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजा. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. तीस मोजायच्या आत आवाज आला तर वीज आपल्यापर्यंत पोचू शकते असं समजा आणि पक्क्या घरात जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नका. झाडाखाली कधीही थांबू नका, मग ते बाभळीचं असो की वडाचं. भिंती नसलेलं पत्र्याचं शेड म्हणजे आसरा नव्हे. उघड्या रानात अडकलात तर एकमेकांपासून लांब व्हा, पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे पडू नका. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. त्याला हात लावायला घाबरू नका. श्वास थांबला असेल तर छाती दाबत राहा आणि कोणाला तरी ११२ला फोन करायला सांगा.

गारा आल्या तर आधी डोकं झाका. घमेलं, पाटी, कॅरेट, जे हाताला लागेल ते. पत्र्यावर नुसते दगड ठेवू नका, वाऱ्यात तेच दगड खाली येतात. पत्रा तारेनं वाशाला आवळा. पुलावरून पाणी वाहत असेल तर गुडघाभर पाण्यातही पाय घालू नका. दीड-दोन फूट पाणी मोटारसुद्धा उचलून नेतं. थंडीच्या रात्री दारं-खिडक्या लावून आत कोळशाची शेगडी ठेवू नका, तिच्या धुरानं झोपेतच जीव जातो. आणि आपल्या जिल्ह्यात हिवाळाभर उसाच्या फडात पाचटाच्या कोप्यांत राहणारी ऊसतोड कुटुंबं असतात. त्यांच्या कोपीला भिंत नाही, त्यांच्या गावचं कोणी इथं नाही. त्यांच्यापर्यंत इशारा नेण्याची जबाबदारी जवळच्या वस्तीचीच आहे.

मशिदीच्या माइकचा विषय आजकाल अवघड झाला आहे. २०२२च्या भोंग्यांच्या वादानंतर आवाज, वेळ, परवाना यांचे प्रश्न उभे राहिले. ते नियम पाळूनच चालावं लागेल. पण जमातीनं पोलीस ठाण्याशी आणि महापालिकेशी आधीच बोलून ठेवलं, की लाल इशाऱ्याच्या दिवशी आम्ही दोन मिनिटं सर्वांसाठी पुकारू, तर त्याला कोण हरकत घेईल, असं मला वाटत नाही. ते पुकारणं दखनीत तसंच मराठीतही व्हावं. वीज काही घर विचारून पडत नाही. शेजारच्या मंदिराच्या माइकवरूनही तेच सांगितलं जावं. माइक नसेल तिथं हातातला भोंगा घेऊन चार पोरं गल्लीत फिरतील. बायकांना सांगायला बाया जातील. २०२५च्या सप्टेंबरात सीनेला महापूर आला, करमाळा, माढा, मोहोळ तालुक्यांतल्या गावांतून माणसांना बोटींतून काढावं लागलं. तेव्हा आमच्या बोळातून पिशव्या भरभरून भाकरी गेल्या. भाकरी पाठवायला आपण कधी मागे राहत नाही. भाकरीच्या आधीची हाक द्यायला शिकायचं आहे.

आणि इजाजत? ती माइकवरून मिळत नाही. ती मालकानं द्यायची असते. लाल इशाऱ्याच्या दिवशी बिडी कारखान्यानं माल घेण्याची मुदत एका दिवसानं वाढवावी. यंत्रमागाच्या मालकानं त्या दिवसाचा खाडा धरू नये. मुकादमानं मजुरांना दुपारी दोनलाच वस्तीवर सोडावं आणि रोज पूर्ण द्यावा. यांतले काही मालक, मुकादम, व्यापारी आपल्याच जमातीतले आहेत, आपल्याच सफात उभे राहतात. त्यांच्याशी हे बोलायला सरकारी हुकूम कशाला लागतो? उक्ती बाग घेणाऱ्या बागवानांनी सौदा लेखी करावा आणि नुकसानीचा वाटा कोणाचा किती ते त्यातच लिहून घ्यावं. जमातीच्या बैतुलमालमधून वादळात रोज बुडालेल्यांसाठी एक छोटा हिस्सा बाजूला ठेवता येईल. फार नको, घरटी एका दिवसाचं रेशन पुरे. तेवढ्यानंही एखादी खाला पाण्यात पाय घालण्याआधी थांबेल.

मी माझ्यापुरता पुकाराचा एक मजकूर लिहून जमातीकडे दिला आहे. तो इथं देतो. कोणाला उपयोगी पडला तर घ्यावा, आपल्या बोलीत बदलून घ्यावा.

"भाइयो और बहनो, आज दुपारी ३पासून रात्री ८पर्यंत जोराचा वारा, विजा आणि गारांचा इशारा आहे. शेतात, रानात, छतावर कोणी थांबू नये. झाडाखाली उभं राहू नये. ज्यांचं घर कच्चं आहे त्यांनी मशिदीच्या खालच्या हॉलमध्ये यावं. बायकांसाठी मदरशाची खोली उघडी आहे. कोणत्याही धर्माचा माणूस असो, दार उघडं आहे. आज कामावर गेलं नाही तर कोणाचाही रोज कापला जाणार नाही, असं मालक लोकांनी कबूल केलं आहे. आजची नमाज आपापल्या घरी पढा."

यातलं शेवटून दुसरं वाक्य अजून खरं झालेलं नाही. बाकी सगळं उद्याही करता येईल. त्या एका वाक्यासाठी मात्र आम्हाला दारोदार फिरावं लागणार आहे.